कलमाला टांगलेला अल्बम

महिपतने आंबे उतरवायच्या झेल्याची काठी वर सरकवली आणि तिसऱ्या प्रयत्नात फांदीला टांगलेली सीडी जाळीत उतरवली. आंब्याचा हंगाम संपला होता. कलमांवर उरलं होतं ते सगळं महिपतचंच पीक.

बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याने आपल्या घरात, आपल्या शब्दांत आणि आपल्याच खर्चाने पहिला अल्बम काढला. नातेवाइकांनी फुकट घेतला, गावाने न ऐकता वाखाणला, बाकीच्या सीड्या पोत्यात गेल्या. पुढची गाणी मोबाइलवरून मुंबईपर्यंत पोचली. गेल्या वर्षी त्याची बायको कमला गेली. घर आवरताना त्याने ते पोतं शेजारच्या बागेतल्या अण्णांना देऊन टाकलं. चकचकीत काही लोंबत असलं की वानर येत नाहीत, असा बागायतदारांचा समज आहे. वानरांचा तसा काही समज नाही.

परवा गाण्यांच्या कंपनीतल्या अनिशचा मुंबईहून फोन आला. अल्बम नव्याने काढायचं त्याने मनावर घेतलं होतं, आणि जुनं ध्वनिमुद्रण धुऊनपुसून लख्ख केलं होतं. कुकरची शिटी, कोंबडा, मध्येच कुणी बाई बोलते ते, सगळा कचरा काढला म्हणाला. महिपतने मूळ मुद्रणाचा आपला एकुलता पेनड्राइव्ह परत मागितला. अनिशने जुनं पुसून लख्ख गाणी त्याच्यावरच चढवली होती.

अण्णा बागेच्या दगडी गडग्यावर बसून बघत होते.

“तुझी गाणी वानरांनीसुद्धा ऐकली नाहीत हो. निम्मी बाग खाऊन गेले मेले.”

“खाताना ऐकली असतील, अण्णा.”

सीडी वाजेल असं ठिकाण एकच उरलं होतं, अण्णांची जुनी गाडी. पहिल्या दोन सीड्या उन्हाने मेल्या होत्या. दाट पानांतली तिसरी खरखरली आणि गायला लागली. तरुण महिपत जरा वरच्याच पट्टीत, जग बदलायच्या घाईत गात होता. दुसऱ्या कडव्यानंतर शिटी झाली. मग भिंतीपलीकडून आवाज आला.

“अवो, भात थंड होतोय.”

“गप गो जरा. रेकार्डिंग चालू हाय.”

महिपतने गाणं मागे नेलं. पुन्हा शिटी, पुन्हा भात, पुन्हा गप गो. अण्णा गाडीतून उतरले आणि एका कलमाची साल निरखत उभे राहिले. सालीला काही झालेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी काचेवर टकटक केलं. महिपतने काच खाली केली.

“बॅटरी उतरेल रे, महिपत.”

“आणि एकदाच.”

त्याने काच वर केली. शिटी झाली. कमलाने जेवायला हाक मारली, आणि सीडीतल्या तरुणाने तोंड उघडायच्या आत महिपतने बंदचं बटण दाबलं.

“आलो,” तो म्हणाला.