उंबरा न ओलांडलेलं गिऱ्हाईक

स्वतःच्या घरातून हाकललेली बाई कशी दिसते हे बघायचं असेल, तर त्या शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात यायला हवं होतं. हिल्मा कार्वोनेन आपल्या जुन्या पिकअपमध्ये हीटर लावून बसली होती, आणि तिचं डोकं हीटरपेक्षा जास्त तापलं होतं.

तिला बाहेर काढलं होतं ब्रेंडाने. ब्रेंडा म्हणजे घरं विकून देणारी एजंट. "मालक घरात असला की गिऱ्हाईक मोकळेपणानं बोलत नाही, मिसेस कार्वोनेन," असं ती गोड हसून म्हणाली होती. "आणि तुमचा तो वेलदोड्याचा पाव भाजून ठेवा हं. हिवाळ्यात त्या वासानंच निम्मं काम होतं."

वासासाठी पाव! हिल्माच्या घरातून कॉफी घेतल्याशिवाय आजवर कुणी गेलं नव्हतं. विमा गळ्यात मारायला आलेला माणूससुद्धा दोन कप पिऊन गेला होता. आणि आता पाव भाजायचा, आणि लोक यायच्या आत चोरासारखं मागच्या दाराने निघून जायचं. तरी तिने हट्टाने पाव कापून टेबलावर मांडला होता, थर्मास भरला होता, कप उपडे घातले होते.

विकायला ती तयार होती. गेल्या शरदात खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून जिना तिला शत्रू झाला होता आणि खिडकीच्या काचेपर्यंत चढणारा बर्फ तिच्याने उपसवत नव्हता. मुलगा रॉड ग्रीन बे शहरात राहायचा. "माझ्याजवळ ये, मा," तो म्हणाला, आणि ती हो म्हणाली. अट एकच घातली. घर घेणाऱ्याने बारा महिने तिथे राहायचं. सरोवराच्या काठाची शेजारची तीन घरं शिकागोच्या लोकांनी घेतली, पाडली आणि तिथे काचेचे महाल बांधले. जुलैत पंधरा दिवस दिवे, उरलेलं वर्षभर अंधार. तिच्या नवऱ्याने, आर्नोने, इथे आधी सावना बांधला होता, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. त्या खोलीत संसार मांडून दोन हिवाळे काढले, आणि मग घर उभं केलं. ते पाडायला हिल्मा देणार नव्हती. ब्रेंडाने मान डोलावली, रॉडनेही डोलावली.

नाताळाच्या आधी एक जोडपं आलं होतं. मॅट आणि जोलीन, आडनाव सारी. तो रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवायचा, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. त्या दिवशी हिल्माने घर सोडायला साफ नकार दिला होता. जोलीनने पाव मागून घेतला, सरपण कुठे वाळतं ते विचारलं, वारा कुठल्या खिडकीतून येतो ते विचारलं. सावनाच्या बाकावर दोघं मुकाट बसून राहिली. हिल्माला वाटलं, झालं, घराला माणसं मिळाली. आणि मग काहीच नाही. हो नाही, नाही नाही. नवीन वर्ष उजाडलं तरी निरोप नाही. घर नको तर नको, पण तोंडाने सांगायला काय झालं होतं? परवा दुकानात जोलीन समोरून आली, तेव्हा हिल्माने आपली ढकलगाडी सरळ दुसरीकडे वळवली.

ब्रेंडाने दिलेली वेळ संपल्यावर हिल्मा घरी आली. दारापर्यंतची वाट तिने सकाळी स्वतः, खुबा ठणकत असताना, फावड्याने साफ केली होती. त्यानंतर पडलेला हलका बर्फ वाटेवर तसाच होता. त्यावर एकही पाऊल नव्हतं.

आत पायपुसणं कोरडं ठणठणीत. थर्मास भरलेला. पावाचा तुकडासुद्धा हललेला नाही.

पण बाहेर पावलंच पावलं होती. त्यांची गाडी थांबली होती तिथून घराच्या कडेने थेट सरोवराकडे, तिथून वळून सावनाकडे, परत रस्त्याकडे. हिल्मा काठी टेकत त्या पावलांच्या मागे गेली. बर्फात चार खुंट्या ठोकलेल्या होत्या, नव्या बांधकामाची आखणी करतात तशा, नारिंगी फीत बांधलेल्या. एक पाण्याजवळ, दोन रस्त्याच्या बाजूला, आणि चौथी सावनाच्या दारातच. चारी खुंट्यांच्या मधोमध तिचं घर उभं होतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तिथूनच ब्रेंडाला फोन लावला.

"अहो, मी तुम्हालाच करणार होते!" ब्रेंडा किणकिणली. "त्यांना घर इतकं आवडलं! बाईंचा तर स्वयंपाकघरात जीवच अडकला."

"हो का? आणि त्या स्वयंपाकघरात कुठून आल्या? धुराड्यातून?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या दारात पाऊल नाही, आणि अंगणात खुंट्या आहेत. घर बघायला आले होते की कबर मोजायला?"

पलीकडे ब्रेंडाचा आवाज बदलला, कोरडा झाला. "मिसेस कार्वोनेन, शिकागोचं असं गिऱ्हाईक हिवाळ्यात सहजी मिळत नाही. रॉडशी बोला. त्यांना सगळं माहीत आहे."

रॉड तासाभरात आला. दर शनिवारी तो ग्रीन बेहून आईकडे मुक्कामाला यायचा. तो बूट काढत होता तेवढ्यात हिल्माने विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्याने मान वर केली नाही. तेवढं तिला पुरलं.

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर जेवतोस, आणि माझ्या पाठीमागे त्यांना खुंट्या ठोकायला बोलावतोस? लाज नाही वाटत?"

"मा, तू इथे नसणारच आहेस! ते ठेवतील, पाडतील, तुला काय दिसणार आहे?"

"मी मेले नाहीये अजून!"

"तेच तर! अजून वीस वर्षं तुला नीट जगायचंय. त्याला काय लागतं ते मला कळतं. तू कुणाला देणार होतीस घर? त्या बर्फगाडीवाल्याला? पाव आवडला म्हणून?" रॉडचाही आवाज चढला होता. "ते तयार होते, दुसऱ्याच दिवशी फोन आला होता त्यांचा. बरं झालं मी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

हिल्मा खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून उभी राहिली. दुकानात जोलीनने तिला पाहिलं होतं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, आणि हिने पाठ फिरवली होती. सगळा हिवाळा ती त्या पोरीला उद्धट म्हणत आली होती, चर्चमध्ये दोघीचौघींना सांगूनसुद्धा झालं होतं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"मा..."

"शब्द सांग."

"सांगितलं की... तुला ते लोक योग्य वाटले नाहीत."

"माझ्या नावावर खपवलंस?"

त्याने मान डोलावली.

"घाल बूट," हिल्मा म्हणाली. "गाडी काढ."

मॅट आणि जोलीन गावाबाहेर भाड्याच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहत होते. सगळ्या रस्त्याने रॉड समजावत होता, उद्या जाऊ म्हणाला, फोन करतो म्हणाला, पाय घसरेल म्हणाला. उतरताना त्याने हात पुढे केला तो हिल्माने घेतला नाही.

दार जोलीनने उघडलं. हिल्माला पाहताच तिचा चेहरा बंद झाला.

"बोल," हिल्मा मुलाला म्हणाली.

पंचेचाळिशीचा बाप्या, टोपी हातात घेऊन बर्फात उभा राहिला. "नकार मी दिला होता," तो पुटपुटला. "माझ्या आईला विचारलंच नव्हतं. तिला तुम्ही... तिला तुम्ही आवडला होतात."

"मोठ्यानं," हिल्मा म्हणाली.

त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं.

जोलीन एकदा त्याच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत राहिली. "आणि आता काय? आता आम्ही खूश व्हायचं?"

"नाही," हिल्मा म्हणाली. "आधी रागाव. मीही दुकानात तुझ्याकडे पाठ फिरवली, त्याचंही घे त्यात. मोकळी हो, मग बोलू."

आणि जोलीन रागावली. अशी रागावली की शेजारच्या ट्रेलरचा पडदा हलला. योग्य नाही म्हणजे काय, असं तिने विचारलं. मॅट रोज पहाटे तुमचाच रस्ता मोकळा करतो ना, मग तेव्हा योग्य असतो का? नाताळात मी माझ्या मुलीला घराचं काय सांगितलं असेल, आहे कल्पना? रॉड मान खाली घालून ऐकत होता.

"मा, गाडीत बस, गारठशील," तो मधेच हळू आवाजात म्हणाला.

"गप्प. ऐकू दे मला."

जोलीनचा श्वास संपला. तिने डोळे पुसले आणि हिल्माला विचारलं, "घर अजून आहे?"

"आहे. आणि तेव्हा सांगितलेल्या किमतीलाच आहे."

"मा!" रॉड म्हणाला. कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

जोलीन आत वळली. "मॅट, जाकीट घाल," तिने हाक दिली. "कार्वोनेनांच्या घरी जायचंय. आणि या वेळी उत्तर त्या बाईच्याच तोंडून घ्यायचं."