पाळण्याचं नाव

सूनबाई बाळंत झाली आणि नातू आठव्याच महिन्यात आला, त्या वर्षीची ही गोष्ट. मी त्याच वर्षी अक्षरं गिरवायला बसलो होतो. साठी उलटली होती. जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेला. तारेचा रंग बघून काम व्हायचं, अक्षरांवाचून अडलं नव्हतं. सूनबाईला डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं, तेव्हा तिनं पडल्या पडल्या मला धरलं. "बाबा, मी अडकलेय तर तुम्हीही सुटायचं नाही," म्हणाली. आधी आपली अक्षरं शिकवली, मग इंग्रजीतली छोटी.

नातू जन्मला तो मुठीएवढा. माझा मुलगा बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठंतरी. डॉक्टरीणबाई त्या दिवसांत घरी गेल्याच नाहीत, पाळण्याशेजारच्या खुर्चीत डुलकी काढायच्या. त्यांच्या सूतिकागृहात प्रत्येक पाळण्याच्या डोक्याशी एक पाखरू रंगवलेलं होतं. साळुंकी, खंड्या, बुलबुल. बाळांना नावं नसतात आणि आयांची नावं सारखी निघतात, म्हणून नर्सबाया पाळण्याच्या नावानं हाक मारायच्या. आमचा चंडोलात होता. "चंडोलातल्यानं दूध ओढलं!" असं एका सकाळी नर्सबाई ओरडत आली, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

पोर वाचलं, बाळसं धरलं. सूनबाई पुन्हा कामाला लागली.

तिचा धंदा फोनचा. पूर्वी मोठ्या कचेरीत एक्स्चेंजचं कपाट असायचं, तसं कपाट आता कुणी घेत नाही. सूनबाईच्या भाड्याच्या खोलीत एक मशीन होतं, आणि दुकानं, दवाखाने, गोदामं यांचे फोन इंटरनेटवरून त्या मशीनला जोडलेले होते. तिच्या मदतीला तिचा मामेभाऊ. त्याला सगळे वकील म्हणत, कारण चहात साखर जास्त पडली तरी तो दोन्ही बाजू मांडायचा. मी गिऱ्हाइकांकडे जाऊन फोन लावायचो आणि त्यात सूनबाई सांगेल ते अक्षर अक्षर करून घालायचो.

त्यात एक गोष्ट डोमेन नावाची. एकशे एक नंबरचा फोन गोदामातही असतो आणि दवाखान्यातही. मशीननं ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येक फोन मशीनला हजेरी देताना सांगतो, मी अमक्या घरचा एकशे एक. ते घराचं नाव म्हणजे डोमेन. आमच्याकडे ती नावं मनाला येईल तशी ठेवलेली होती. कुणाचं मालकाच्या नावावर, कुणाचं गल्लीच्या, एकाचं तर वकिलानं रागाच्या भरात 'कटकट' ठेवलं होतं.

मग फर्निचरवाले दोघे भाऊ भांडले. दुकानाचं डोमेन दोघांच्या नावांचं. थोरला म्हणाला, धाकट्याचं नाव आत्ताच्या आत्ता काढा. सूनबाईनं मशीनमध्ये नाव बदललं आणि दुकानातले सगळे फोन मुके झाले, कारण ते अजून जुन्याच घराची हजेरी देत होते. मी एकेक फोन हातात घेऊन नवं नाव घालत होतो, आणि थोरला माझ्या डोक्यावर उभा.

"काका, लग्नाची पत्रिका लिहिताय का?"

"भांडण तुमचं, हात माझे," मी म्हटलं. "जरा दम धरा."

दुपार होईस्तोवर दुकान बहिरं होतं. संध्याकाळी वकील टेबलावर हात आपटून म्हणाला, "ताई, नवं मशीन येतंय. आता एकच रीत ठरव. सगळ्यांना नंबर. पहिलं गिऱ्हाईक एक, दुसरं दोन. नंबर भांडत नाहीत."

"माणसांना नंबर तुरुंगात देतात," सूनबाई म्हणाली. "आणि फोनवर कुणी रडत आलं की तू विचारणार, सत्तेचाळीस का चौऱ्याहत्तर? बाबांनी एक आकडा उलटा घातला तर दवाखान्याचा फोन गोदामात वाजेल."

"मग नावं ठेव, आणि भाऊ भांडले की बाबांना पाठव."

"सगळेच भांडत नाहीत. आणि पहिलं नाव माझं ठरलंय."

ते कुठलं, हे मला ठाऊक होतं. सूतिकागृहाचे फोन नव्या मशीनवर घ्यायचे होते, आणि तिथल्या प्रत्येक फोनमध्ये डॉक्टरीणबाईंचं नाव घालायचं तिच्या मनात होतं. पैसे बाई कुणाकडून धड घेत नसत. साडी दिली तर नर्सबाईला देऊन टाकत. एवढं तरी आपल्या हातचं व्हावं, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. ते नाव मी घरी गिरवून ठेवलं होतं, चुकू नये म्हणून.

आम्ही दोघं सांगायला गेलो. डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीत एकट्याच होत्या. बारीक झाल्या होत्या, पांढरा कोट खांद्यावरून उतरत होता. सूनबाईनं सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाली, "तर तुमच्या नावाचं डोमेन, बाई. सगळ्यात पहिलं."

"नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको म्हणजे?"

"बस खाली. बाबा, तुम्हीपण बसा. मला पोटाचा आजार आहे आणि तो बरा होण्यातला नाही. अजून इथं कुणाला बोलले नाही. सूतिकागृह मी माझ्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरच्या हवाली करणार आहे. पाटीवरही तिचंच नाव लावायचं, नाहीतर लोक मलाच शोधत बसतील आणि तिच्यावर भरवसा ठेवणार नाहीत. मग तुझं ते डोमेन काय करणार?"

सूनबाईनं त्यांचा हात धरला. मीच म्हणालो, "बदलावं लागेल. एकेक फोन हातात घेऊन."

"आणि तेवढा वेळ?"

"बंद राहतील."

"त्या वेळात एखादी बाई अडली आणि तिच्या घरच्यांनी फोन केला तर?"

सूनबाईचे डोळे भरून आले. "बाई, तुमचं नाव कुठंतरी राहावं म्हणून..."

"नाव राहावं म्हणून फोन असतो का गं? वाजला की कुणीतरी उचलावा म्हणून असतो." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मला एक सांग, त्या घराचं नाव बाहेरच्या कुणाला दिसतं?"

"नाही. आम्हाला आणि मशीनला."

"मग हा पाळणाच झाला की. बाळं येतात, जातात, त्यांची नावं आईबाप सावकाश ठेवतात, पुढं पोरी सासरी जाऊन तीही बदलतात. आम्ही कधी बाळाचं नाव पाळण्यावर लिहिलं नाही. पाळण्याला त्याचं स्वतःचं नाव दिलं. तू बाळाचं बारसं पाळण्यावर करायला निघालीस."

सूनबाई रडता रडता हसली. पदराला नाक पुसून म्हणाली, "पाखरांची नावं घेऊ?"

"माझी काय मालकी आहे पाखरांवर? घे. फक्त एकाचं दुसऱ्याला देऊ नकोस, पहिलं उडून गेलं तरी."

"मग तुम्हाला चंडोल."

"चंडोल तुझ्या पोराचा. मला टिटवी दे."

"टिटवी? लोक अपशकुनी म्हणतात, बाई."

"म्हणू देत. अवेळी ओरडणारं कुणी आलं की आम्हाला इथं आनंदच होतो."

वकिलानं अर्थातच फाटे फोडले. पाखरं संपली तर? गिऱ्हाइकाला कळलं आपण घुबड आहोत, तर? सूनबाई म्हणाली, पाखरं संपायच्या आत आपण संपू, आणि घुबड तू स्वतःला ठेव. मग तोच रात्रभर बसून यादी करून आला, आणि नंबरांपेक्षा हे बरं, दूरध्वनीवर ऐकायला स्पष्ट, असं आम्हालाच पटवून देऊ लागला. गिऱ्हाइकाचं खरं नाव मशीनमध्ये शेजारी लिहायचं, ते कितीही वेळा बदलावं. फोनला त्याचा पत्ताच लागत नाही.

सूतिकागृहात फोन लावायला मी गेलो. प्रत्येकात टिटवीची अक्षरं घातली. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हात चांगला बसलाय की, बाबा."

"सुनेची कृपा," मी म्हटलं. "आणि सून तुमची कृपा. हिशेब तुमच्याकडेच येऊन थांबतो."

"हिशेब नका सांगू. पुढच्या खोलीतला फोन राहिलाय."

चार-सहा महिन्यांनी सुतारानं जुनी पाटी उतरवली आणि धाकट्या डॉक्टरची चढवली. सूनबाईनं खोलीत बसून मशीनमध्ये एक ओळ बदलली. मला कुठं जावं लागलं नाही. पाटीचे खिळे ठोकणं चालू होतं तेव्हाच आतला फोन वाजला, धाकट्या डॉक्टरनं उचलला आणि विचारलं, "कळा किती वेळानं येताहेत?" डॉक्टरीणबाई बाकावर बसून ते ऐकत होत्या. मी शेजारीच होतो. त्यांनी मान हलवली, बरोबर विचारलं अशी, आणि पाणी मागितलं.

आज आमच्याकडे पुष्कळ पाखरं आहेत. फर्निचरवाले भाऊ पुन्हा एक झाले, पुन्हा भांडले, आमचं त्यात काही अडलं नाही. नातू शाळेत जातो. मी त्याच्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचतो. वाचता आलं, नातू मिळाला, म्हातारपणी हाताला काम मिळालं. मागून मिळालं नसतं ते न मागता मिळालं, आणि ज्यांच्यामुळं मिळालं त्यांतल्या एकीला नावानंसुद्धा उपकार फेडू देणं मंजूर नव्हतं.

डॉक्टरीणबाई पाटी बदलल्यानंतरच्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारल्या.