माझ्या पाठीमागचा डाग

जरा कान इकडे करा. ज्याच्यावर बसून तुम्ही चहा पिता, पाय पसरता, रुसून पडता, तोच मी. घरातला लाकडी दिवाण. वर झोपायचं आणि खाली माझ्या पोटात रजया-उशा कोंबायच्या. जन्मभर मी लोकांचं घोरणं ऐकत आलो. आज माझं ऐकवणार आहे, आणि पुरतं ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. एरवी त्याचा हात थरथरायचा, पण रंधा धरला की दगडासारखा स्थिर. माझं झाकण बसवून झाल्यावर तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "याला भिंतीला चिकटवू नका बरं. लाकडालाही श्वास लागतो." गिऱ्हाइकानं मान डोलावली. घरी नेल्यावर पहिलं काम काय केलं, तर मला भिंतीला चिकटवलं!

ते गिऱ्हाईक म्हणजे घरं रंगवणारा रंगारी. नुकतंच लग्न झालेलं. दोन खोल्यांत तो, त्याची आई आणि नवी सून. दोन वर्षांनी मुलगी झाली. ती चालायला लागली तीच गरगर फिरत. आजीनं तिचं नाव ठेवलं भिंगरी. दिवसभर खोलीभर फिरायची आणि चक्कर आली की धाडकन माझ्या अंगावर पडायची. मला लागायचं, पण बरं वाटायचं.

माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. त्या भिंतीत एक पाइप कधी झिरपायला लागला, कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण पाठ माझी गार पडली. आधी तळहाताएवढा करडा डाग आला. केर काढताना मला पुढे ओढलं, तेव्हा रंगाऱ्यानं तो पाहिला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"रंगाऱ्याच्या घरात डाग? लोक काय म्हणतील!"

कुणाच्या तरी कामावरचा उरलेला डबा आणला आणि मारला हात. महिन्याभरात डाग पुन्हा वर. पुन्हा डबा. एकदा पिस्ता, एकदा बदामी, एकदा कुणाच्या दवाखान्याचा निळा. असे चार थर झाले. मग तो थकला, गुडघा लावून मला भिंतीला पार दाबून बसवलं आणि हात झटकले. "झाकली मूठ!"

मूठ झाकली, पण आत काय वाढतंय ते मीच बघत होतो. डागाची बुरशी झाली. भिंतीवरून माझ्या फळ्यांवर आली, फळ्यांतून माझ्या पोटात उतरली, रजयांना कुबट वास देऊन गेली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते खोटं नाही.

भिंगरी माझ्यावरच झोपायची, उशी भिंतीकडे करून. सात वर्षांची झाली आणि खोकायला लागली. पालथी झोपली की तिच्या छातीतली बारीक शिट्टी माझ्या फळ्यांतून खाली उतरायची. तिचं फिरणं बंद झालं. दोन गिरक्या घेतल्या की धाप लागायची.

आता आजीची माया बघा. "पोरीला वारा बाधतोय," म्हणून तिनं खिडकी लावली आणि फटींत चिंध्या ठोसल्या. पोरीला ऊब हवी, म्हणून माझ्या पोटातली रजई काढून गळ्यापर्यंत ओढली. सकाळ-संध्याकाळ पातेलंभर पाणी उकळून वाफ दिली. पोरीनं घेतली चार घोट, बाकीची सगळी भिंतीनं प्यायली. मी मनात म्हणायचो, अगं माउली, आजार म्हशीला आणि औषध पखालीला चाललंय!

एकदा भिंगरी आठ दिवस मावशीकडे राहून आली, तर खोकला अर्ध्यावर. घरी येऊन दोनच दिवस झाले आणि पुन्हा शिट्टी.

"मावशीकडे लाड होतात ना, म्हणून खोकत नाही मेली," आजी हसली. सून हसली नाही. ती भिंगरीच्या उशीकडे बघत राहिली.

मग दवाखाना झाला. परत आल्यावर सून दारातच बोलली, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का. तुम्ही सरळ नाही कसं म्हणालात?"

"कुठंय ओल?" रंगारी म्हणाला. "भिंती बघ. आरसा आहे आरसा!"

"आणि दिवाणामागं?"

"तिथं काय बघायचंय?" म्हणत तो चप्पल घालून कामाला गेला.

त्या दिवशी मी ठरवलं. मला पाय आहेत, पण चालता येत नाही. तोंड आहे, पण ते झाकणाचं. ठीक आहे, ते तोंडच बंद ठेवायचं! अंगात मुरलेल्या ओलीनं मी झाकणाची कड फुगू दिली. आजी रजई काढायला आली, तर झाकण हलेना.

"मेल्या, उघड की!" आजीनं ओढलं. सून आली, दोघींनी ओढलं. रंगाऱ्यानं हातोडी आणली.

"हातोडी ठेवा," सून म्हणाली. "ज्यांनी बनवला त्यांना बोलावते."

म्हातारा सुतार आता नव्हता. त्याची मुलगी दुकान चालवत होती, ती आली. झाकणावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "पुढे ओढा याला."

"आहे तिथंच करा की," रंगारी घाईघाईनं म्हणाला.

"दादा, रंधा मारायचा तर कोपर मागं जायला जागा लागते. का भिंतीत घालू?"

रंगारी जागचा हलला नाही. सुनेनंच पदर खोचला आणि मला ओढलं. मीही होईल तेवढं अंग हलकं केलं, करकर करत निघालो.

भिंत उघडी पडली. जमिनीपासून माझ्या उंचीपर्यंत काळी. पिस्ता, बदामी, निळा, सगळ्यांचे पोपडे लोंबत होते. सुतारबाईंनी नाकाला ओढणी लावली. तेवढ्यात भिंगरीला उबळ आली.

रंगाऱ्याचा हात सवयीनं डब्याकडे गेला.

"डबा खाली ठेवा," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यानं ठेवला.

आजी खिडकीशी गेली. फटींतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या आणि खिडकी सताड उघडली. "मीच कोंडलं गं तिला," म्हणाली. मग लेकाकडे वळली. "मूठ झाकलीस बाबा, पण मुठीत आपलं लेकरू होतं."

भिंगरीला मावशीकडे धाडलं. पाइप बदलला. रंगाऱ्यानं नाका-तोंडाला फडकं बांधून, ओल्या फडक्यानं पुसत पुसत भिंत पार विटांपर्यंत खरवडली. आणि रंग? लावलाच नाही. चार महिने रंगाऱ्याच्या घरात भिंत उघडी!

एक गिऱ्हाईक हसलंच, "काय हो, स्वतःच्या घराला रंग नाही?"

"वाळतेय," तो म्हणाला. "ओलीवर रंग मारणं म्हणजे रोगाला नटवणं. चला, आधी तुमच्या कपाटामागं बघू."

भिंगरी परत आली आणि दर रविवारी ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढू लागली. रेघा आत आत सरकत गेल्या. खोकला काही एका दिवसात पळाला नाही, औषधाचा पंप अजून दप्तरात असतो. पण परवा तिनं अकरा गिरक्या घेतल्या आणि धाडकन माझ्यावर पडली. मोजत होती आजी.

माझी पाठ मात्र गेली. सुतारबाईंनी कुजलेल्या फळ्या कापून टाकल्या, नव्या बसवल्या, कुशीला भोकं पाडली. आता पोटात वारा खेळतो. पोट रिकामंच ठेवतात, रजया उन्हात असतात.

माझं एकच मागणं आहे, आणि ते ऐकेपर्यंत मी कुरकुरत राहणार. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी भिंतीला पाठ लावून गप्प उभं असेल. आज त्याला पुढे ओढा. मागे हात घालून बघा. गार लागलं, तर डबा शोधू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा.

मी आता भिंतीपासून वीतभर लांब असतो. भिंगरी रोज सकाळी माझ्यामागं हात घालून मोजते, कुणी ढकललं तर नाही ना म्हणून. वीत तिचीच धरायची, असं घरात ठरलंय. पोरीचा हात वाढतोय, तसा मीही भिंतीपासून दूर सरकतोय.