तळघरातली तिसरी पाळी

"साहेब, भोंगा झाला का?"

अण्णा दारात उभे होते. हातात सांडशी, खांद्यावर पंचा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. परीक्षितने घाईघाईने स्वतःला म्यूट केलं.

"नाही अजून, राजाराम. एक लॉट राहिलाय."

"बरं साहेब," म्हणून अण्णा कठड्याला धरत पुन्हा तळघरात उतरले. खाली लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"स्टिल रीमॉडेलिंग?" स्क्रीनवरच्या एका चौकोनाने विचारलं.

"बेसमेंट. ऑलमोस्ट डन," परीक्षित म्हणाला. हे तो जानेवारीपासून सांगत होता.

ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना नुसत्या नावाने हाक मारताना सुरुवातीला त्याची जीभ अडखळायची. पण अण्णा म्हटलं की ते घराच्या आठवणीने कावरेबावरे व्हायचे आणि राजाराम म्हटलं की मुकाट्याने कामाला लागायचे. माणूस सोयीचं ते शिकतो.

अण्णा भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात हॅमरवर होते. लालभडक लोखंड सांडशीत धरायचं, वरून घाव पडला की उलटवायचं, पुन्हा धरायचं. नोकरीत कान अर्धे गेले. पुढे बायको गेली आणि मग डोक्यातलंही एकेक जायला लागलं, तेव्हा परीक्षितने त्यांना अमेरिकेत, हर्नडनला आणलं. हर्नडनमध्ये आवाज नाही. लोकांनी कर्ज काढून विकत घेतलेली शांतता आहे ती, आणि सोसायटी तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते. अण्णांना त्या शांततेत एकच गोष्ट कळायची: कारखाना बंद पडलाय. मग ते चौकशीला बाहेर पडायचे. दुसऱ्यांदा पोलिसाने आणून सोडलं तेव्हा ते रस्ता फोडणाऱ्या ड्रिलशेजारी हसतमुखाने उभे सापडले होते. पोलीस सभ्य होता. पुढच्या वेळी काउंटीच्या वृद्धसेवा खात्याला कळवावं लागेल, हेही त्याने सभ्यपणेच सांगितलं.

त्या ड्रिलवरून परीक्षितला तो अल्बम आठवला.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कुठूनशी मिळालेली एका जर्मन बँडची कॅसेट. तेलाची पिंपं, पत्रे, करवती, घण. टेप झिजेपर्यंत त्याने ती ऐकली होती. त्यात त्याला भांडवलशाहीचा शेवट ऐकू यायचा. कारखान्याच्या आवाजावर त्याचं निस्सीम प्रेम होतं. कारखान्यात तो कधी गेला नव्हता. पाळीवरून आलेले अण्णा एकदा दारातच थबकून म्हणाले होते, "हे ऐकायचा मला पगार मिळतो. तू वर पैसे देऊन ऐकतोस?"

बावन्नाव्या वर्षी तळघरातल्या स्पीकरवर तोच अल्बम लावल्यावर भांडवलशाहीचा शेवट काही ऐकू आला नाही. डोकं मात्र दुखलं. पण अण्णा खुर्चीतून उठले. ड्रायरमधले टॉवेल काढून त्यांनी वॉशिंग मशीनवर रचले. "सांडशी कुठंय?" त्यांनी विचारलं. परीक्षितने बायकोची, नेत्राची, दुधाची सांडशी आणून दिली. घाव पडला की अण्णा सांडशीने टॉवेल उलटवत, घडी घालत, बाजूला ठेवत. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता.

अडचण एकच होती. अल्बमचं शेवटचं गाणं म्हणजे एक लांबलचक भोंगा होता, हळूहळू विरत जाणारा. परीक्षितचं सगळ्यात लाडकं गाणं. भोंगा झाला की अण्णा सांडशी ठेवायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि घरी निघायचे. एकदा तर अनवाणी, बर्फात. तेव्हा परीक्षितने ते गाणं यादीतून काढून टाकलं. उरलेली गाणी फिरून फिरून वाजत राहिली आणि तो निश्चिंतपणे मीटिंगा करू लागला.

आज सकाळीच कामावर निघताना नेत्राने सुनावलं होतं.

"राबवतोयस तू त्यांना."

"टॉवेलच्या घड्या तर घालतात. हालचाल हवीच, डॉक्टरच म्हणाले ना?"

"डॉक्टर ओव्हरटाइम म्हणाले नव्हते. काल मीटिंग लांबली तर त्यांनी घातलेल्या घड्या तू विस्कटून परत ड्रायरमध्ये कोंबल्यास. मी पाहिलं, परीक्षित."

त्याने कॉफीत नसलेली साखर ढवळली.

"आणि त्यांना बिस्किटं देणं बंद कर. रोज खिशात नॅपकिन निघतो, आत चुरा. मशीन बिघडेल."

"चहाबरोबर तेवढं एकच खातात गं."

"खात नाहीत. खिशात घालतात."

दुपार कलली. कंपनीच्या रीऑर्गची, फेररचनेची मीटिंग अजून चालूच होती. या तिमाहीत प्रत्येकाने थोडं जास्त द्यायचंय, असं एक चौकोन कळकळीने सांगत होता. अण्णा पुन्हा दारात आले. या वेळी चौकट धरून.

"साहेब, तिसरी पाळी लागली. आज एवढ्या वेळेला सोडा."

"राजाराम..."

"पोरगं वाट बघतंय. मी गेल्याबिगर जेवत नाही ते."

परीक्षितने विचारलं, "काय करतो पोरगा?"

"पाचवीत आहे. हुशार आहे." अण्णा ओशाळवाणं हसले. "त्याला नाही आणायचा इथं. ह्या आवाजात."

"परीक्षित, यू आर ऑन म्यूट," स्क्रीनवरून कोणीतरी म्हणालं. मग पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. परीक्षितने लॅपटॉप मिटला.

अण्णांना हात देत तो खाली उतरला. काढून टाकलेलं गाणं शोधून लावलं. भोंगा तळघरात घुमला, चढला, रेंगाळत विरत गेला. तरुणपणी तो त्याला बंडाचा इशारा वाटायचा. तो फक्त सुट्टीचा भोंगा होता.

अण्णांनी सांडशी पुसून ठेवली. कोपरापर्यंत हात धुतले. वर येऊन पुढच्या दाराशी थांबले आणि दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरून उभे राहिले. परीक्षितला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. सुट्टी झाली की गेटवर झडती व्हायची.

त्याने झडती घेतली. खांदे, बरगड्या, कंबर. सदऱ्याखाली माणूस फारसा उरला नव्हता. खिशात नॅपकिनची पुडी लागली.

"कंपनीचं काही नाही त्यात," अण्णा घाईने म्हणाले. "कॅन्टीनमधलं आहे. माझ्या वाटणीचं. पोराला नेतोय."

परीक्षितने पुडी परत खिशात ठेवली. दार उघडलं. बाहेर तीच महागडी शांतता. अण्णांचे हात अजून पसरलेलेच होते.

"हात खाली घ्या, अण्णा."

अण्णांनी चमकून पाहिलं. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्यावरून, बाहेर, रिकाम्या रस्त्याकडे.

"पोरगंच आलं वाटतं न्यायला," ते म्हणाले, आणि घाईघाईने पुडी उलगडू लागले.