केंद्राची चूक

गणिताच्या बाईंचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक घड्याळ, दुसऱ्या त्या स्वतः. दोघांत मतभेद झालाच तर घड्याळ दुरुस्तीला जायचं. परीक्षेच्या हॉलवर त्यांची नेमणूक झाल्याचं कळलं की भलेभले कॉपीबहाद्दर आदल्या दिवशी नाइलाजाने अभ्यासाला बसत. सगळ्या नोकरीत बाईंनी कुणाला अर्धं मिनिट वाढवून दिलं नव्हतं. टोल पडला की चालत्या पेनाखालून पेपर ओढायचा. वाक्य अर्धं राहिलं तर राहिलं, उरलेलं पुढच्या वर्षी लिही. मुलं त्यांना मागून ‘टोलबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

अशा बाईंच्या गळ्यात अ‍ॅनिमेवाल्यांची स्पर्धा पडली ती धाकट्या भावामुळे. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून, पण तसं म्हटलेलं त्या मंडळींना खपत नाही. बशीएवढाले डोळे, वारा नसतानाही उडणारे केस आणि दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी गालावरून ओघळणारा एक थेंब, असा तो सगळा ऐवज. त्यातले तुकडे कापायचे, एखाद्या गाण्यावर बसवायचे आणि एकमेकांना दाखवून रडायचं, हा या लोकांचा छंद. त्याचीच ही ऑनलाइन स्पर्धा. सगळ्यांना एकाच क्षणी तेच तुकडे आणि तीच धून मिळणार. चार तासांत कापा, जोडा आणि पाठवा.

मागच्या वर्षी रविवारी सुरू झालेली ही चार तासांची स्पर्धा बुधवारी संपली होती. एकाचा कुत्रा आजारी पडला, एकाचं नेट, एकाचं मन. गटाचा म्होरक्या स्वतःला ‘सेनापती’ म्हणवून घेई. पेशाने तो दातांचा डॉक्टर. दाढ उपटताना ज्याचा हात हलत नसे, त्याची ‘नाही’ म्हणायच्या वेळी मात्र दातखीळ बसायची. ज्याने मागितला त्याला त्याने वेळ दिला, आणि ज्यांनी वेळेत काम केलं होतं ते मूर्ख ठरले.

या वर्षी तसं होऊन चालणार नव्हतं. जाहिराती बनवणाऱ्या एका स्टुडिओचा मालक परीक्षक म्हणून येणार होता आणि पहिल्या तिघांना तो आपल्याकडे कामावर घेऊन बघणार होता. धाकट्याचा सगळा जीव या तीन जागांत अडकला होता. तो लग्नाचे व्हिडिओ जोडण्याचं काम करी. ती कंपनी बंद पडली. लोक लग्न करायचे थांबले म्हणून नव्हे, मालकाचं स्वतःचं मोडलं म्हणून. तेव्हापासून धाकटा बहिणीकडे राहत होता. न सांगता भांडी घासायचा, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. बाईंना त्या घासलेल्या भांड्यांकडे बघवत नसे.

“आमच्यात वेळ पाळायला लावणारं कुणी नाही,” तो म्हणाला. “तायडे, तूच ये.”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच ये. आम्हाला सगळं कळतं, तिथेच तर घोळ होतो.”

“आणि तू स्वतः बसणार ना स्पर्धेला? मग मी कशी चालेन?”

“नंबर परीक्षक काढणार. तू फक्त दार उघडायचं आणि बंद करायचं. सेनापतीला विचारलंय मी.”

“मग आताच सांगून ठेवते. तिथे तू माझा भाऊ नाहीस.”

“तिथे मी कुणाचाच कुणी नसतो,” धाकटा हसत म्हणाला. “तिथे मी ‘ओला मोजा’ असतो.”

असलं नाव माणूस शुद्धीत असताना स्वतःहून घेतो, यावर बाईंचा दिवसभर विश्वास बसेना.

मग बाईंनी नियम केले. कॅमेरा पूर्ण वेळ चालू. दोन्ही हात दिसले पाहिजेत. आपसांत बोलणं बंद. बाहेर जायचं असेल तर हात वर करायचा. आणि उद्या कुणी बोंब मारू नये म्हणून सगळ्याचं रेकॉर्डिंग, तेही नुसतं बाईंच्या लॅपटॉपवर नव्हे, लगेचच्या लगेच इंटरनेटवर चढवून ठेवायचं. चोरीला जायला नको, पुरावा आहे. गटात गदारोळ झाला. कलेची गळचेपी, हुकूमशाही, असे मोठमोठे शब्द निघाले. बाईंनी एकच उत्तर लिहिलं, “शंका संपल्या असतील तर पुढे जाऊ.” शंका संपल्या.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पाण्याचा तांब्या आणि शाळेतून आणलेली घंटा, अशी मांडामांड झाली. पडद्यावर एकोणीस चौकटी, एकोणीस चेहरे. त्यातला एक चेहरा भिंतीपलीकडच्या खोलीत बसला होता. त्या चौकटीकडे जास्त बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. ते इतकं कसोशीने पाळलं की त्या तिकडे बघतच नव्हत्या.

एक पोरगी जांभळ्या केसांचा टोप घालून बसली होती. “टोप काढा. ओळख पटत नाही.” टोप निघाला. आतले खरे केस हिरवे होते. ‘निळी छत्री’ नावाच्या गृहस्थांच्या मांडीवर मांजर होतं. “ते बाहेर न्या.” गृहस्थ म्हणाले, ते त्याचंच घर आहे. “मग तुम्ही त्याच्या परवानगीने बसा, पण ते बाहेर.” मांजर गेलं. बाईंनी घंटा वाजवली आणि दातांचे डॉक्टर, कपड्यांच्या दुकानातले विक्रेते, कॉलेजची पोरं, सगळे एकदम माना खाली घालून कामाला लागले. काय शांतता होती! बाईंना अगदी घरच्यासारखं वाटलं.

तेवढ्यात एक हात वर झाला. ‘झोपाळू ड्रॅगन’चा. त्याला पाठवलेला तुकड्यांचा दुवा उघडतच नव्हता. बाईंनी तपासलं. पाठवताना शेवटचं अक्षर त्यांच्याकडूनच गळलं होतं. सेनापतीच्या कपाळावर घाम आला, आता काय होणार. बाई शांतपणे म्हणाल्या, “चूक केंद्राची आहे. केंद्राने खाल्लेली आठ मिनिटं केंद्र परत देईल. ही वाढ नव्हे, परतफेड.” नियमच होता तसा, बोर्डाच्या परीक्षेलाही असतो. सगळ्या चौकटींत माना डोलल्या. इतका स्वच्छ न्याय त्या गटाने जन्मात पाहिला नव्हता.

दुपारी बाई गरजल्या, “शेवटची दहा मिनिटं. पुरवण्या बांधून घ्या.” पुरवण्या कुणाकडेच नव्हत्या, पण सगळ्यांनी घाईने काहीतरी आवरल्यासारखं केलं. एकेक फाईल येऊ लागली. दहा, बारा, पंधरा. आणि कोपऱ्यात एक खासगी निरोप उमटला.

“तायडे, माझी फाईल तयार आहे पण वर चढत नाहीये. घरची लाईन एकच, ती सगळी तुझं रेकॉर्डिंग खातंय. ते पाच मिनिटं थांबवतेस का?”

बाईंनी निरोप वाचला. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. एक बटण दाबायचं होतं. पण लगेच त्यांच्या डोळ्यांपुढे उद्याचा गट उभा राहिला. भावासाठी पुरावा बंद केला! इतक्या वर्षांत ज्यांच्या नाकावर माशी बसली नव्हती, त्यांच्या नाकावर आता माश्यांचं मोहोळ बसणार. बाईंनी उत्तर लिहिलं, “परीक्षार्थीने पर्यवेक्षकाशी खासगी बोलू नये.”

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुसरा निरोप आला नाही. बाईंनी घड्याळावरची नजर हलू दिली नाही. काटा जागेवर आला, घंटा वाजली. ड्रॅगनच्या आठ मिनिटांखेरीज सगळं दार बंद. धाकट्याची फाईल पाऊण चढून तिथेच लटकली होती.

“‘ओला मोजा’ यांची फाईल वेळेत आलेली नाही. ते बाद,” बाईंनी जाहीर केलं. आणि थोडं थांबून म्हणाल्या, “ते माझे सख्खे भाऊ आहेत.”

ही माहिती त्यांना कुणी विचारली नव्हती.

मग काय विचारता! टाळ्या, हात जोडलेली चित्रं, रडणारी चित्रं. ‘निळी छत्री’ म्हणाले, असा माणूस आजकाल बघायला मिळत नाही. तासाभरात खुद्द स्टुडिओवाल्याचा फोन. “बाई, माझ्याकडे वेळेवर काम काढून घेणारं कुणी नाही हो. निवृत्त कधी होताय? तुमच्यासारखं माणूस मला हवंय.” म्हणजे त्या घरात नोकरी आली, अगदी ठरल्याप्रमाणे आली, फक्त खोली चुकली.

बाई चहा घेऊन आतल्या खोलीत गेल्या. धाकटा हेडफोनची वायर गुंडाळत होता.

“राग आलाय?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“नियम म्हणजे नियम, रे.”

“हो ना. ड्रॅगनला आठ मिनिटं दिलीस, ते बरोबरच केलंस.”

“तिथे चूक माझी होती.”

“आणि लाईन कुणी अडवली होती, तायडे?”

चहाचा कप अजून बाईंच्याच हातात होता. धाकट्याने तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “मी बाहेरचा असतो ना, तर तू मला वेळ दिला असतास.”

बाई बाहेर येऊन टेबलाशी बसल्या. टाळ्या अजून पडत होत्या. गणित तसं सोपं होतं, पाचवीच्या पोराने सोडवलं असतं. चूक केंद्राची, वेळ केंद्राने द्यायचा. परीक्षार्थी कोण, हे त्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. भावाचा पेपर त्यांनी ओढला तो नियमासाठी नव्हताच, तो या टाळ्यांसाठी होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे दिव्यातच होता. बाईंना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हेही त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी जे येत होतं तेच केलं, सूचना लिहिली.

“पर्यवेक्षकाच्या रेकॉर्डिंगमुळे एका परीक्षार्थीची फाईल अडकली. त्याने वेळेत कळवलं होतं, पर्यवेक्षकाने ऐकलं नाही. चूक केंद्राची आहे. तो वेळ त्याला परत देत आहे. फाईल दुपारचीच आहे, तिच्यावर वेळेचा शिक्का आहे, कुणीही तपासावा. परीक्षार्थी माझा भाऊ आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं.”

बोलले. ज्यांनी दुपारी डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच चहाच्या वेळेला खाली आपटलं. घराणेशाही, सेटिंग, आधीच संशय होता, दाल में काला. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर आठ मिनिटं गिळून बसलेल्या झोपाळू ड्रॅगनचा. सेनापतीची सवयीने दातखीळ बसली. अखेर स्टुडिओवाल्याने लिहिलं, “चूक केंद्राची असेल तर घ्या फाईल, मला उरकायचंय.” आणि बाईंना वेगळं कळवलं की नोकरीचं तूर्त राहू द्या. रेकॉर्डिंग बंद होतं. उरलेली फाईल बाईंनी लॅपटॉप मिटायच्या आत चढली.

निकाल पुढच्या रविवारी लागला. पहिली हिरव्या केसांची पोरगी. धाकटा चौथा. तिघांना बोलावणं गेलं.

बाईंनी मनात वाक्यांची जुळवाजुळव केली. नापास मुलांच्या पालकांना सांगायची त्यांची ठेवणीतली वाक्यं होती, त्यातलं एकही घरात चालण्यासारखं नव्हतं. पण धाकटा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला तो चक्क हसत होता.

“तायडे, ऐक. परीक्षकाने शेरा दिलाय. ‘मधला भाग लांबला आहे. शेवटचा कट उत्तम.’”

“लांबलाय का?”

“लांबलाय ना! बरोबर पकडलंय त्याने.” त्याने शेरा पुन्हा वाचला, जणू बक्षीसच ते. “वर्षभर मी इतक्या ठिकाणी माझं काम पाठवलं. एकानेही उघडून बघितलं नाही गं. याने शेवटपर्यंत बघितलंय.”

बाई काही बोलणार होत्या. पण ‘एकानेही’ या शब्दात कोण कोण येतं ते त्यांच्या ध्यानात आलं. एकच घर, एकच लाईन, मध्ये एक भिंत. सबंध वर्षात त्यांनी विचारलं नव्हतं की तू आत बसून काय करतोस, बघू तरी.

“मला दाखव,” त्या म्हणाल्या.

“तुला नाही कळायचं.”

“नाहीच कळणार. दाखव.”

त्याने खुर्ची दिली, पण बाई त्याच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. बशीएवढाले डोळे आले, वारा नसताना केस उडाले, थेंब ओघळला. बाईंना काही म्हणजे काही कळलं नाही. मधला भाग खरोखरच लांबला होता. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते बघून धाकटा घाबरला.

“आवडलं नाही का?”

“पुन्हा लाव,” बाई म्हणाल्या.