दोघांनी एकदम उठायचा बाक

मी बाक बोलतोय. बसा, पण जरा मध्ये सरकून. टोकाला एकटे बसाल तर मी उलटेन, आणि मग म्हणाल, आधी सांगितलं नाही.

यात माझा दोष नाही. सुतारदादा गप्पांच्या नादात माझे पाय फार आत ठोकून बसले. शाळेत पहिल्याच दिवशी एक मुलगा उठला आणि दुसरा धाडकन खाली! "सरपणात टाका याला," शिपाईकाका म्हणाले. बाई मात्र हसल्या. "राहू दे. मला असाच हवा होता."

तेव्हापासून मी भांडणाचा बाक झालो. भांडलेल्या दोघांना बाई माझ्या दोन टोकांना बसवत. तिथं आपली तक्रार सांगायची नाही, दुसऱ्याची सांगायची. ती त्याला पटली की दोघांनी एकदम उठायचं.

माझी नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे वरच्या आळीतल्या गवंड्याची मुलगी भिंगरी आणि खालच्या आळीतल्या गिरणीवाल्याचा मुलगा बंब. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

"हिचं म्हणणं, मी हिची पट्टी मोडली," बंब पुटपुटे.

"आणि?" बाई विचारत.

"आणि... ती तिला आजोबांनी दिली होती." एवढं म्हणताना त्याचाच आवाज बारीक होई. फार गोड दिवस होते ते. अजून आठवले की माझ्या फळ्या करकरतात.

पुढे बाई गेल्या. शाळा मोठ्या इमारतीत हलली आणि मी जुन्या पडवीत वर्षानुवर्षं धूळ खात पडलो.

गेल्या उन्हाळ्यात पाण्यावरून दोन्ही आळ्यांचं बिनसलं. वरच्यांनी नळाला मोटार लावली, खाली थेंब येईना. खालच्यांनी त्यांचा पाइप फोडला. एका सकाळी दोन्हीकडची माणसं दगड घेऊन जुन्या शाळेच्या मैदानात समोरासमोर आली. दांडक्यासाठी माझे पाय उपटायला एक धिप्पाड माणूस पडवीत शिरला. त्यानं मला उलटं केलं, आत ठोकलेले पाय पाहिले आणि थबकला. तो बंब होता.

त्यानं मला उचलून मैदानाच्या मधोमध ठेवलं. "भिंगरे, ये. एकटा बसलो तर पडेन."

गर्दीतून पांढऱ्या केसांची भिंगरी पुढं आली. दोघं एकदम बसले.

"तुझं म्हणणं, आमच्या मोटारीनं तुमचं पाणी ओढलं," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि तुझी आई या वयात कळशा वाहते."

बंबानं खाली पाहिलं. "तुझं म्हणणं, आम्ही पाइप फोडला. आणि... चिखल घरात शिरून तुझ्या नातीचं दप्तर भिजलं."

मागं कुणीतरी हातातला दगड हळूच खाली ठेवला. वाद त्या दिवशी मिटला नाही, मोटारीच्या वेळा ठरायला महिना गेला. पण डोकी शाबूत राहिली.

"उठायचं?" भिंगरीनं विचारलं.

"एकदम हं," बंब म्हणाला.

आता मी पुन्हा पडवीत आहे. नव्या शाळेतले बाक म्हणे फरशीला पक्के ठोकलेत, कुणी पडत नाही. मग पोरं भांडण मिटवायला शिकणार कुठं? मला तिथं न्या, एवढीच विनंती. हवा तर रंग द्या, खिळे बदला. फक्त माझे पाय तेवढे सरळ करू नका.