जगलेल्या माशांचा पंचनामा

उन्हाने तळ्याचं पाणी तापलं आणि मासे उलटे होऊन वर यायला लागले. थोरलीने आणि तिच्या धाकट्या दिराने मेलेले जाळीने ओढून काठावरच्या ताडपत्रीवर मांडले होते. सरकारने तातडीची मदत जाहीर केली होती. ती मिळाली तर नवं बीज सोडायचं, नाहीतर तळं मोडायचं, दुसरी वाट नव्हती.

पंचनाम्याचे साहेब नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरले.

"निम्म्याहून जास्त मेले तरच मदत. तुमचे तर बरेच जिवंत दिसतात."

"मग जगले हा त्यांचा गुन्हा झाला का, साहेब?"

"नियम मी नाही केला, बाई." पाण्यात हवा घालणारं चक्र घरघरत होतं. त्याच्याकडे बघत साहेब हळूच म्हणाले, "पलीकडचं तळं बघून येतो. तोवर आकडा वाढला, तर तसं लिहीन."

मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. इथे मेल्याशिवाय सरकारही दिसेना!

थोरली जाळी धुवायला वाकली, तोच घरघर थांबली. दीर बटणापाशी उभा.

"थोडेच जातील, वहिनी. तळं तरी वाचेल."

पाणी गप्प झालं. बघता बघता तोंडं वर आली, शेकड्यांनी, हवेसाठी आ वासलेली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाजूला व्हा, भाऊजी."

"साहेब येईपर्यंत तरी..."

"देवाने ज्यांना त्या उन्हातून हात धरून काढलं, त्यांचा गळा मी एका सहीसाठी दाबू? अहो, यम तरी आपलं काम आपण करतो, भाड्याने माणसं लावत नाही!"

तिने त्याला ढकललंच. चक्र पुन्हा फिरलं. दीर खाली मान घालून बसला.

साहेब परतले. "काय, वाढला आकडा?"

"नाही वाढला. लिहा, जिवंत आहेत."

"मग मदत विसरा."

"विसरले. पण चक्राकडे बघून मघाशी काय म्हणालात, तेही लिहा. खाली सही मी करते."

साहेब गाडीकडे वळले. दीर उठला, माशांच्या वासाने भरलेल्या हातांनीच त्याने गाडीचं दार धरलं.

"लिहा ना, साहेब. वहिनी सांगतात तसं."

साहेबांचं पेन काही खिशातून निघेना.